सरडगुहिरा

सरडगुहिरा किंवा घोयरा सरडा (शास्त्रीय नाव: कॅमेलिओ झेलॅनिकस) हा भारत व श्रीलंकेत आढळणारा वृक्षवासी सरडा आहे. खानदेशासह महाराष्ट्राच्या कोरड्या, झुडपी प्रदेशांत त्याचा वावर असतो. प्रकाश, तापमान व मनःस्थितीनुसार त्याचा रंग बदलतो. तो बिनविषारी आहे. तरीही विषारी समजून अनेकदा मारला जातो.

पिल्लांची वाढ

मादी जमिनीत बीळ खणून अंडी घालते व ती बुजवून निघून जाते. पिल्ले जन्मापासून स्वतंत्र असतात. ती बारीक कीटक खातात आणि पानांवरील दवबिंदू चाटतात. भांड्यातील साचलेले पाणी सहसा पीत नाहीत. बंदिस्त जागेत कोवळे ऊन व कॅल्शियम न मिळाल्यास त्यांची हाडे मऊ पडून वाकतात.

कायदेशीर संरक्षण

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सरडगुहिरा पकडणे, पाळणे वा विकणे गुन्हा आहे. परदेशात पाळला जाणारा, डोक्यावर उंच तुरा असलेला शॅमेलिऑन ही येमेन व सौदी अरेबियातील वेगळी जाती होय. भारतात तो बाळगणाऱ्यास २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. जखमी सरडगुहिरा आढळल्यास महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.