सुरतेचे जहाजमालक : नवा घाट आणि जुना सांधा

तापी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे हजीरा हे गाव आहे, आणि त्याच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर सुवाली. आज या किनाऱ्यावर मोठे कारखाने व धक्के उभे आहेत. २०२० साली हजीऱ्याहून खंबायतचे आखात ओलांडून घोघ्यास जाणारी मोटारवाहू बोट सुरू झाली, तेव्हा रस्त्याचे पावणेचारशे किलोमीटरांचे अंतर समुद्रमार्गे सुमारे नव्वदांवर आले म्हणून तिचे फार कौतुक झाले. परंतु या पाण्यात कोणत्या बांधणीचे जहाज चालवणे फायद्याचे, हा प्रश्न नवा नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकांत सुरतेच्या धनाढ्य जहाजमालकांनी तो अनेक वेळा सोडवला आहे, आणि त्यात पुष्कळ पैसा, काही वेळा माणसांचे प्राणही पणास लागलेले आहेत.

मराठी माणसाला सुरत ठाऊक आहे ती १६६४ आणि १६७० या सालांमुळे. शिवाजी महाराजांनी ज्या शहराची संपत्ती हलवली, ती संपत्ती तेथे कोठून आली, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. ती जहाजांतून आली. सुरत हे मक्केचे द्वार मानले जाई. यात्रेकरू, कापडाचे गठ्ठे आणि नीळ घेऊन जहाजे मोसमी वाऱ्यावर मोखा आणि जेद्दा येथे जात, व सोने-चांदी घेऊन परतत. वर्षातून एक फेरी. ती साधली तर मालक तरला, वारा चुकला तर वर्ष बुडाले. अशा व्यापारात जहाज मोठे असावे हे मालकांना स्वाभाविकच वाटे.

आणि ती खरोखरच मोठी होती. १६१२ साली तांबड्या समुद्राच्या मुखाशी जॉन सॅरिस या इंग्रज कप्तानाने सुरतेच्या ‘रहिमी’ या जहाजाची मापे घेतली. लांबी १५३ फूट, रुंदी ४२ फूट, खोली ३१ फूट. हे जहाज जहांगीर बादशहाच्या आईचे, मरियम-उझ-झमानीचे होते. त्याच वर्षी सुवालीच्या पाण्यात पोर्तुगीजांशी लढलेले ‘रेड ड्रॅगन’ हे इंग्रजांचे जहाज सुमारे सहाशे टनांचे, म्हणजे रहिमीपुढे लहानच. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. सॅरिसला ही मापे निवांतपणे घेता आली, कारण त्या वेळी इंग्रजांनी सुरतेची जहाजे बळाने अडवून धरली होती. एवढे अवाढव्य जहाज, पण त्याहून लहान जहाजांच्या तोफांपुढे ते जागचे हलू शकले नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस सुवालीस जे घडले त्यातूनही मालकांना काही शिकता आले असते. थॉमस बेस्ट याच्या दोन जहाजांवर पोर्तुगीजांची चार मोठी गॅलियन जहाजे चालून आली. तापीचे मुख वाळूच्या दांड्यांनी भरलेले असल्याने खोल तळाच्या जहाजांना तेथे भरती-ओहोटीचा हिशेब करूनच वावरावे लागे. गॅलियने वाळूत रुतली आणि बेस्टचे काम सोपे झाले. पुढच्याच वर्षी, १६१३ मध्ये, रहिमी पोर्तुगीजांच्या हाती पडले, तेही त्यांचाच परवाना जवळ असताना. बादशहाने दमणला वेढा घालण्याचा हुकूम दिला. जहाज परत आले नाही ते नाहीच.

एवढे होऊनही पुढची सत्तर-ऐंशी वर्षे सुरतेने मोठ्या, उंच बांध्याच्या यात्रेकरू जहाजांची आवड सोडली नाही, आणि यात नुसता हट्ट होता असे समजणे अन्यायाचे होईल. जुन्या घाटाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते. पोट मोठे म्हणून माल भरपूर मावे; शेकडो यात्रेकरू आपल्या शिध्यासह सामावत; आणि वारा पाठीशी धरून चालणाऱ्या जहाजाला वाऱ्याविरुद्ध वळसे घेण्याची चपळाई कशाला हवी? ज्या समुद्रावर व्यापाऱ्याने व्यापार करावा एवढाच रिवाज होता, तेथे हा विचार चुकीचा नव्हता. समुद्र बदलला होता, हे मात्र या हिशेबात धरलेले नव्हते.

१६९५ च्या सप्टेंबरात तो धडा मिळाला. खुद्द औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज मक्केहून यात्रेकरू घेऊन परतत होते. सुरत बंदरात त्याहून मोठे जहाज नव्हते, असे इतिहासकार खाफीखान लिहितो, आणि त्यावर ऐंशी तोफा होत्या असेही सांगतो. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने त्यावर हल्ला केला. जहाजावरचीच एक तोफ फुटून आपली माणसे मेली. तेवढ्यात शत्रूच्या गोळ्याने मोठ्या डोलकाठीस इजा झाली. आणि चाचे वर चढले. तोफा होत्या, पण त्या चालवणारा सराईत हात नव्हता, आणि जहाज वळवून निसटण्याची सोय नव्हती. यात्रेकरूंची, विशेषतः स्त्रियांची, जी विटंबना झाली तिचे वर्णन खाफीखानाने केले आहे. ते येथे देण्याचे कारण नाही. याच टोळीने थोडेच दिवस आधी ‘फतेह महंमदी’ हे जहाज लुटले होते. त्याचा मालक मुल्ला अब्दुल गफूर.

हा गफूर बोहरा व्यापारी होता, आणि त्या काळच्या सुरतेत त्याच्याएवढा जहाजमालक दुसरा नव्हता. एकट्या गफूरचा व्यापार इंग्रज कंपनीच्या तोडीचा होता आणि त्याची वीसहून अधिक जहाजे होती, अशी अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्द्याची साक्ष आहे. जहाजांची मापे तो तीनशे ते आठशे टन अशी देतो. या आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे. बादशाही घराण्याने मानासाठी एकच प्रचंड जहाज बांधावे, आणि व्यापाऱ्याने तेच भांडवल अनेक मध्यम जहाजांत विभागावे, हा फरक लहान नाही. एक जहाज लुटले गेले तर बाकीची उरतात. गफूर १७१८ साली वारला. मधल्या काळात त्याने आणि इतर मालकांनी सरकारमार्फत युरोपीय कंपन्यांवर दडपण आणून समुद्राच्या रक्षणाची हमी घेतली. परंतु परक्याच्या हमीवर विसंबून कोणी जहाजे बांधीत नाही.

मालकांनी आपली मते ग्रंथांतून लिहून ठेवलेली नाहीत. त्यांनी सुताराकडून काय बांधून घेतले आणि काय बांधू दिले नाही, त्यावरून ती वाचावी लागतात. घाटाच्या बाबतीत त्यांनी नवे घेतले. १६८९ च्या सुमारास सुरतेस आलेला ओव्हिंग्टन हा पाद्री सांगतो की, येथील सुतार इंग्रजी जहाजाचा नमुना पाहून, मग तो भार वाहण्यासाठी केलेला असो की वेगासाठी, इतका हुबेहूब उतरवतात की मूळ कल्पना त्यांचीच वाटावी. अठराव्या शतकाच्या मध्यास जॉन हेन्री ग्रोस यानेही तेच पाहिले. सुरतेचे कारागीर इंग्रजी घाटाचे अनुकरण पसंत करतात, असे तो म्हणतो, आणि घाटाच्या नजाकतीत ते थोडे कमी पडतात, असेही प्रांजळपणे नमूद करतो. हे दोघेही इंग्रज. स्वदेशाभिमान थोडा वजा करावा लागेल. पण साक्ष उलट दिशेचीही देतात म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो.

कारण टिकाऊपणात जगात सुरतेच्या जहाजांची बरोबरी नाही, हे वाक्यही ग्रोसच्याच मताचे सार आहे. शंभर वर्षे चालणारे जहाज येथे नवलाचे नाही, आणि याचे श्रेय शांत समुद्राला नसून सागाला व कामाच्या भरीवपणाला आहे, असे त्याने बजावले आहे.

हे भरीव काम कसले? युरोपात फळीची सपाट कड दुसऱ्या फळीच्या सपाट कडेस भिडवीत, आणि मधल्या फटीत दोरखंडाचा चोथा ठोकून वर डांबर ओतीत. समुद्राने जहाज पिळवटले की तो चोथा सुटे, पाणी आत येई, आणि काम पुन्हा करावे लागे. सुरतेचा सुतार फळ्यांच्या कडांना खाच पाडून एक फळी दुसरीत बसवी. हे सांगायला सोपे आहे. तीस-चाळीस फूट लांबीच्या, बाक असलेल्या सागाच्या फळीवर करणे सोपे नाही. स्टाव्होरिनुस नावाचा एक डच कप्तान १७७५ च्या सुमारास सुरतेस होता. त्याने हे काम बारकाईने पाहिले. सुतार एका फळीच्या कडेला शेंदूर फाशी, दुसरी फळी तिच्यावर दाबून बसवी आणि पुन्हा उचली. जेथे शेंदूर उमटला तेथे उंचवटा. तेवढाच तासायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा दाब, पुन्हा तासणी. सर्वत्र सारखा रंग उमटेपर्यंत हेच. मग सांध्याला एक प्रकारचे चिकट द्रव्य लावीत, जे कालांतराने लोखंडासारखे घट्ट होई, मध्ये कापसासारखा पातळ थर देत, आणि फळ्या अशा आवळीत की सांधा डोळ्यांस दिसू नये. लोखंडी खिळा आरपार ठोकून त्याचे टोक आतून वळवीत व पुन्हा लाकडात बसवीत.

जहाजाच्या आतले बाकदार आधार ग्रोसला विशेष भावले. लाकूड आगीवर शेकून वाकवायचे नाही. झाडावरच ज्या फांदीला हवा तसा बाक आला आहे ती शोधून आणायची. तळाला लाकडाचे तेल चोळीत. जहाज पुरे झाले म्हणजे ते उतरणीवरून पाण्यात ढकलीत नसत. नदीपासून जहाजापर्यंत कालवा खणून पाणीच त्याच्याकडे नेत. तापीच्या काठचा हा देखावा पाहण्यासारखा असला पाहिजे.

अर्थात जुने ते सारे चांगले असा मालकांचा आग्रह नव्हता. नांगर ते बहुधा युरोपातले घेत, कारण तेथले घडीव लोखंड सरस. शिडांसाठी मात्र जाड सुती कापडच ठेवीत. युरोपीय किंतानापेक्षा ते कमी बळकट, पण मऊ, म्हणून फाटायचे कमी. ज्या कापडाला इंग्रज ‘डंगरी’ म्हणू लागले ते मूळचे आपले डोंगरी. थोडक्यात, बाहेरचा घाट परका, नांगर परका, शीड घरचे आणि सांधा तर ठाम घरचा. स्टाव्होरिनुस याने व्यवहाराची बाजूही सांगितली आहे: सुरतेचे जहाज बांधताना फार महाग पडते, पण शतकभर चालते म्हणून अखेर स्वस्त ठरते. हा हिशेब नातवंडांचा विचार करणाऱ्या मालकाचा आहे. पाच-दहा फेऱ्यांत नफा काढून जहाज मोडीत टाकणाऱ्याला तो पटणार नाही, आणि आजही असे दोन्ही प्रकारचे मालक असतात.

कोकणात याच सुमारास वेगळी गरज होती. मराठ्यांच्या गुराबा आणि गलबते खाड्यांतून चटकन बाहेर पडण्यासाठी, गरज पडल्यास वल्ह्यांवर चालण्यासाठी बांधलेली असत. सुरतेच्या मालकाला त्यांचा उपयोग नव्हता, तसा आंग्र्यांना सुरतेच्या मालवाहू जहाजांचा, लूट म्हणून सोडल्यास, नव्हता.

सुरतेचे वैभव मात्र ओसरत चालले होते. १७३५ साली मुंबईहून कंपनीचा डडली नावाचा अधिकारी ‘क्वीन’ हे जहाज बांधून घेण्यासाठी सुरतेस आला. तेथे लवजी नसरवानजी हा तरुण पारशी मिस्त्री त्याच्या नजरेत भरला. पुढच्या वर्षी लवजी काही सुतारांसह मुंबईस गेला, आणि त्याच्याबरोबर तापीकाठचा सांधाही गेला. वाडिया घराण्याने पुढे मुंबईच्या गोदीत इंग्रज आरमारासाठी युद्धनौका बांधल्या त्या या हातांनी.

त्यांतील एकीची हकीगत सांगण्याजोगी आहे. इंग्रज आरमाराला मुंबईत एक फ्रिगेट हवी होती. तिचा घाट मुळात फ्रेंच. १७८२ साली पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावरून इंग्रजांनी तो उचललेला. त्याचे नकाशे ‘जावा’ या जहाजातून हिंदुस्थानास पाठवले, पण १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांनी ‘जावा’ला ब्राझीलच्या किनाऱ्यापाशी गाठले आणि नष्ट केले. नकाशे गेले. दुसरी प्रत धाडावी लागली. लवजीचा नातू जमशेटजी बमनजी वाडिया याने पठाणात, म्हणजे जहाजाच्या तळाच्या मुख्य लाकडात, रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकून काम सुरू केले, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. घाट फ्रेंच, नकाशा इंग्रज, लाकूड आणि हात इकडचे. इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात ती आजही पाण्यावर तरंगत आहे.