वाट दाखवणारा डबा

फोंड्याचा माझा एक जुना मित्र इंग्लंडात स्विंडनला असतो. गोव्यातल्या पुष्कळ जणांसारखा तोही आजोबांच्या कागदांवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून तिकडे गेला. आधी गोदामात राबला, मग अवजड लॉरीचं लायसन काढलं. मागे एकदा त्याचा फोन आला.

"अरे, तू कंप्युटरमधला माणूस. लॉरीसाठी सॅटनॅव्ह घ्यायचाय. कुठला घेऊ? भरवशाचा सांग."

मी म्हटलं, मोबाइलमध्ये नकाशा आहे की तुझ्या! पैसे कशाला घालवतोस?

तो हसला. "मोबाइलला मी किती उंच आहे ते कुठं ठाऊक असतं?"

'मी' म्हणजे लॉरी. हे ड्रायव्हर लोक गाडीबद्दल असंच बोलतात. पण त्या एका वाक्यानं माझी चांगलीच पंचाईत केली. उपग्रह, अणुघड्याळं, डिजिटल नकाशे यांच्याबद्दल मी चार गोष्टी सांगू शकलो असतो, पण त्यानं विचारलं होतं ते भलतंच होतं. मग काही आठवडे वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय.

सुरुवात जरा लांबून करतो. १६७५ साली जॉन ओगिल्बी नावाच्या गृहस्थानं 'ब्रिटानिया' हा रस्त्यांचा नकाशासंग्रह छापला. त्यात शंभर पानं भरून नकाशे होते आणि ते सगळे पट्ट्यापट्ट्यांचे. पानावर कागदाची गुंडाळी उलगडल्यासारखं चित्र, आणि त्यावर फक्त तुमचा रस्ता. आजूबाजूचा मुलुख जवळजवळ नाहीच. एका इंचाला एक मैल हे प्रमाण, आणि अंतरं चाक ढकलत मोजलेली. रस्ता चढणीचा असेल तर डोंगर सरळ काढलेला, उतरणीचा असेल तर उलटा. मला हे फार आवडलं. गाडीतल्या पडद्यावर आज दिसतं ते हेच की! आपली वाट तेवढी दिसते, बाकीचं जग गायब. चढ की उतार हे ओगिल्बीनं सांगितलं, कारण त्याच्या वाटसरूच्या घोड्याला त्यानं फरक पडत होता. नकाशा कुणासाठी काढलाय यावर त्यात काय येणार ते ठरतं. पुढचा सगळा घोळ इथेच आहे.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. गाडीत बसवायच्या वाटाड्याची सुरुवात उपग्रहापासून झाली असं मला वाटायचं. तसं नाही. १९८५ साली कॅलिफोर्नियात 'इटॅक नॅव्हिगेटर' नावाचं यंत्र विकायला आलं, त्यात उपग्रहाचा संबंधच नव्हता. होकायंत्र, चाकांना लावलेले सेन्सर आणि कॅसेटवर भरलेला नकाशा. हो, कॅसेटच! चाकं किती फिरली, गाडी कुठे वळली याचा हिशेब यंत्र ठेवायचं आणि तो नकाशातल्या रस्त्यांशी जुळवून बघायचं. मोठ्या शहरात फिरायचं तर मध्येच कॅसेट बदलावी लागे. 'इटॅक' हा शब्द मायक्रोनेशियातल्या नावाड्यांचा. होडी जागच्या जागी आहे आणि बेटं सरकत मागे जाताहेत, असं मनात धरून समुद्र पार करायची त्यांची रीत. यंत्राच्या पडद्यावरही गाडीचा बाण स्थिर आणि नकाशा फिरता. आज सगळ्यांच्या फोनमध्ये असतं तसंच.

उपग्रहांचं काम मुळात अमेरिकन लष्कराचं. पहिला जीपीएस उपग्रह १९७८ साली गेला. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियन एअरलाइन्सचं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि सोव्हिएत लढाऊ विमानानं ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर दोनेक आठवड्यांत रेगन सरकारनं जाहीर केलं की ही यंत्रणा तयार झाली की जगातल्या नागरी वापरालाही खुली असेल. खुली झाली, पण लष्करानं त्यात मुद्दाम खोट ठेवली होती. सामान्य माणसाच्या यंत्राला शंभर मीटरपर्यंत चूक दिसायची. शंभर मीटरच्या चुकीत जहाजाचं काही बिघडत नाही, गाडी मात्र शेजारच्या रस्त्यावर जाते. ही खोट क्लिंटनच्या आदेशानं १ मे २०००च्या मध्यरात्री बंद झाली, आणि एका रात्रीत जगभरची यंत्रं कितीतरी पटींनी अचूक झाली.

म्हणजे 'मी कुठे आहे' हा प्रश्न २००० साली सुटला. तो आता साध्यातल्या साध्या डब्यातही सुटलेला असतो. भरवशाचा डबा आणि बिनभरवशाचा डबा यांतला फरक तिथे नाहीच.

२००४ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या टॉमटॉम कंपनीनं 'गो' नावाचा सुटा डबा आणला. काचेला चिकटवायचा, सॉकेटमध्ये वायर खुपसायची, निघायचं. अमेरिकेतल्या गार्मिनचे डबेही होतेच. किमती भराभर उतरल्या आणि मोटारींबरोबर लॉऱ्यांच्या काचांवरही ते दिसू लागले. ड्रायव्हरांचा काय दोष? अनोळखी गावात, पावसात, रात्री, वेळेच्या आत माल पोचवायचाय, आणि हातात 'दोनशे यार्डांवर डावीकडे वळा' म्हणणारा गोड आवाज. पण तो आवाज मोटारीशी बोलत होता. त्याच्या नकाशात रस्ता होता, वेग होता, अंतर होतं. रस्त्याच्या डोक्यावर काय आहे ते नव्हतं.

मग इंग्लंडातल्या खेड्यांची दैना सुरू झाली. ब्रिस्टलजवळ बॅरो गर्नी म्हणून गाव आहे. अरुंद रस्ता, बऱ्याच ठिकाणी फुटपाथही नाही. डब्यांना तो दोन मोठ्या रस्त्यांमधला छान शॉर्टकट वाटला. २००७ साली गावकरी इतके वैतागले की आमचं गाव नकाशातून काढूनच टाका, अशी त्यांनी मागणी केली. नकाशावर नाव यावं म्हणून धडपडणारी गावं आपण पाहिलेली, इथे उलटंच! २००८ मध्ये तर कमाल झाली. एक सीरियन ड्रायव्हर तुर्कस्तानातून आलिशान मोटारी घेऊन जिब्राल्टरला निघाला आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, स्केगनेसजवळच्या 'जिब्राल्टर पॉइंट'पाशी एका चिंचोळ्या गल्लीत येऊन अडकला. अडीच हजार किलोमीटरची चूक. वर्तमानपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पण त्या माणसानं समुद्र ओलांडून परक्या देशात ज्याच्यावर भरवसा ठेवला, त्यानं त्याला फसवलं होतं. मला काही हसू आलं नाही.

वाट चुकली तर डिझेल आणि वेळ जातो. पुलाचं तसं नाही.

ब्रिटनमध्ये रेल्वेच्या पुलांना वर्षाकाठी दीड हजारांहून अधिक वेळा गाड्या धडकतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा छपाईतला घोटाळा वाटला. इतके ठेंगणे पूल आले कुठून? याचं उत्तर १८४५ सालच्या एका कायद्यात सापडलं. रेल्वे कंपन्या तेव्हा देशभर रूळ टाकत सुटल्या होत्या. रस्त्यावरून पूल बांधाल तर किती जागा सोडायची ते पार्लमेंटनं ठरवून दिलं. पथकराच्या मोठ्या रस्त्यावर १६ फूट उंची, साध्या सार्वजनिक रस्त्यावर १५ फूट, खासगी वाटेवर १४. तीही कमानीच्या सगळ्या रुंदीत नाही, मधल्या दहा-बारा फुटांत. कडेला कमान खाली उतरत गेली तरी चालेल. घोड्यांच्या गाडीवर गवताचा भारा रचला तरी त्याला हे पुष्कळ होतं. कायद्याच्या आधीचे आणि नंतरच्या सवलतींचे याहूनही ठेंगणे पूल आहेतच. त्यात पुलाखालचा रस्ता डांबराचे थर चढून वर येतो, पूल काही वर सरकत नाही.

आता आजचा आकडा बघा. ब्रिटनमध्ये पूल १६ फूट ६ इंचांहून, म्हणजे साधारण ५.०३ मीटरहून ठेंगणा असेल तर पाटी लावतात. युरोपात लॉरीला ४ मीटरची मर्यादा आहे, ब्रिटनमध्ये उंचीला अशी सरसकट मर्यादाच नाही. तिथले दुमजली ट्रेलर पाच मीटरच्या जवळ जातात. म्हणजे १८४५च्या गवताच्या भाऱ्यासाठी ठेवलेल्या फटीतून आज हे धूड घालवायचं, आणि कमान असेल तर बरोबर मधूनच. केंब्रिजशरमधल्या ईली गावी स्टेशनजवळचा पूल फक्त ९ फूट उंच. बाजूलाच रेल्वे फाटक, उंच गाड्यांनी तिथून जायचं. फाटक बंद दिसलं की घाई झालेला ड्रायव्हर पुलाखालून काढायला बघायचा आणि अडकायचा. अखेर २०१८ साली तिथे बाह्यवळण रस्ता झाला तेव्हा रहदारी वळली.

धडक बसली की रुळांची तपासणी होईपर्यंत वरच्या गाड्या थांबवाव्या लागतात. त्यासाठी पुलावर नंबर आणि फोन लिहिलेली पट्टी असते. ज्यानं धडक दिली त्यानंच फोन करायचा! हे सगळं नुकसान पैशांचं. पण १९९४ साली ग्लासगोत दुमजली बस अशाच पुलावर आदळली, पाच जणी गेल्या, त्यात गर्ल गाइडच्या मुली होत्या. माझ्या मित्राच्या हसण्यामागे हे होतं, मला ते उशिरा कळलं.

आपल्याकडे याला एक उपाय होता, क्लीनर. लहानपणी पुलाखाली अडलेला ट्रक मी पाहिलाय. क्लीनर टपावर चढायचा, वाकून अंदाज घ्यायचा आणि पत्र्यावर हात आपटून 'आने दो, आने दो' करायचा. नाहीच जमलं तर टायरमधली हवा सोडायची. इंग्लंडातल्या ड्रायव्हरजवळ क्लीनर नाही. तो एकटा.

त्याच्याजवळ आधी होता तो कागद. लॉरीवाल्यांसाठीच्या खास अ‍ॅटलसांत ठेंगण्या पुलांच्या उंच्या छापलेल्या असत. गंमत बघा, कागदाला जे माहीत होतं ते २००४च्या चकचकीत डब्याला माहीत नव्हतं. लॉरीसाठीचे वेगळे डबे त्या दशकाच्या उत्तरार्धात आले. ब्रिटनमध्ये स्नूपरचा 'ट्रकमेट', अमेरिकेत २००९ साली गार्मिनचा एक नुव्ही. यांत उंची, रुंदी, लांबी, वजन भरायचं, धोकादायक माल असेल तर तेही सांगायचं, मग डबा त्यानुसार वाट काढतो. किंमत मोटारीच्या डब्याच्या कितीतरी पट. महाग काय होतं? पडदा तोच, उपग्रह तेच. महाग होती ती पुलांची यादी. कुणीतरी प्रत्येक पुलापाशी जाऊन आकडा आणायचा, आणि तो बदलला की पुन्हा जायचं.

दुकानात दहा ब्रँड मांडलेले असले तरी त्या काळी आतले नकाशे मुख्यतः दोनच कंपन्यांचे होते, टेली अ‍ॅटलास आणि नॅव्हटेक. २००८ साली टॉमटॉमनं पहिली विकत घेतली, नोकियानं दुसरी. कॅसेटवाल्या इटॅकचा नकाशाही फिरत फिरत टेली अ‍ॅटलासकडेच आला होता. डब्याच्या रंगरूपावर वाद घालणारे पुष्कळदा एकाच नकाशाच्या दोन वेष्टनांवर भांडत होते.

एवढं वाचून मी मित्राला फोन केला. म्हटलं, मोटारीचा घेऊ नकोस, लॉरीचाच घे. ब्रँड सोड, दुकानदाराला चार गोष्टी विचार. पुलांचा नकाशा वर्षातून किती वेळा नवा होतो आणि त्याचे पैसे कोण भरणार? उंची बदलायला किती बटणं दाबावी लागतात? वाट बसत नसेल तर डबा थांबवून सांगतो की गुपचूप मोटारीची वाट दाखवतो? आणि तुझ्या लॉरीच्या २४ व्होल्टवर वायर चालते ना?

तो म्हणाला, "दुसरा प्रश्न बरोबर. सकाळी एक ट्रेलर, दुपारी दुसरा. उंची बदलायला विसरलो की डबा पूर्ण भरवशानं मला मारतो."

हे माझ्या कुठल्याच वाचनात आलं नव्हतं. डब्यात भरलेली उंची सकाळच्या ट्रेलरची, मागे जोडलेला ट्रेलर दुपारचा. यंत्र अचूक, नकाशा ताजा, आणि तरी पुलाखाली टप फाटणार. ब्रिटनच्या नियमानुसार तीन मीटरहून उंच गाडीत ड्रायव्हरसमोर उंचीची पाटी लावावी लागते, तीही दर ट्रेलरला बदलायची. त्यात जुन्या पुलांवर नुसते फूट-इंच, मीटरही लिहायचे हा नियम नव्या पाट्यांना लागला तो २०१५ पासून. डबा मीटर विचारतो.

महिन्याभरानं त्यानं केबिनचा फोटो पाठवला. काचेवर नवा डबा, कुठला ते सांगत नाही, त्याखाली त्याच्या हातानं लिहिलेली उंचीची पाटी, फुटांत आणि मीटरमध्ये. दाराच्या खणात मोजपट्टी. फोंड्याच्या बाजारातून नेलेली, म्हणाला. आणि डॅशबोर्डवर, कोपरे दुमडलेला, लॉरीवाल्यांचा जुना अ‍ॅटलस.