चौरस फुटाचा दर म्हणजे घराची किंमत नव्हे! कंत्राटदाराचा दर कसा वाचावा?

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न एकच असतो, "चौरस फुटाला काय रेट?" तीन कंत्राटदार तीन आकडे सांगतात आणि बहुतेक वेळा सर्वांत कमी आकडा सांगणाऱ्याला काम जातं. स्लॅब पडेपर्यंत सगळं सुरळीत असतं. पुढे मात्र "हे आपल्या बोलण्यात नव्हतं" असं ऐकू येऊ लागतं. कर्जाचे, पीएफचे, दागिने मोडून उभे केलेले पैसे गिलाव्याच्या आधीच संपतात आणि घर अर्धवट राहतं.

ही वेळ टाळायची तर दोन प्रश्नांची उत्तरे आधी लेखी हवीत. दर कोणत्या क्षेत्रफळाला लावणार? आणि त्या दरात काय काय येणार?

दराचे तीन प्रकार

मजुरी दर : सिमेंट, सळ्या, वाळू, विटा मालकाने आणायच्या आणि कंत्राटदाराने फक्त माणसं लावायची. दर कमी दिसतो, पण मालाची नासाडी, चोरी आणि रोजची धावपळ मालकाच्या अंगावर येते.

मटेरियलसह दर : माल आणि मजुरी दोन्ही कंत्राटदाराकडे. नोकरदारांना हे सोयीचं पडतं. मात्र कोणता माल वापरणार, हे लिहून घेतलं नाही तर दराला अर्थ राहत नाही.

बाबवार दर : खोदाई, काँक्रीट, सळ्या, वीटकाम, गिलावा यांचे वेगवेगळे दर ठरतात आणि झालेल्या कामाचं मोजमाप करून बिल होतं. खडी-वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, तर गिलाव्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, हे इथे लक्षात ठेवावं. मोजमापाला इंजिनिअर हवा, पण हिशेब सर्वांत स्वच्छ राहतो.

क्षेत्रफळात फरक कुठे पडतो?

एक उदाहरण पाहू. आकडे फक्त हिशेबासाठी घेतले आहेत. ३० बाय ४० च्या प्लॉटवर खाली ८०० आणि वर ८०० चौरस फूट बांधकाम आहे. शिवाय पोर्च, बाल्कनी आणि जिन्यावरची खोली मिळून ३०० चौरस फूट.

पहिला कंत्राटदार २,००० रुपये दर सांगतो, पण फक्त दोन मजल्यांचं क्षेत्र धरतो. पोर्च, बाल्कनीचं काम त्यातच करून देतो. १,६०० गुणिले २,००० म्हणजे ३२ लाख रुपये.

दुसरा १,९०० रुपये सांगतो, पण सगळं क्षेत्र पूर्ण मोजतो. १,९०० गुणिले १,९०० म्हणजे ३६ लाख १० हजार रुपये.

दर शंभर रुपयांनी कमी, पण घर चार लाख दहा हजारांनी महाग! म्हणून पोर्च, बाल्कनी, जिना पूर्ण मोजणार, अर्धा मोजणार की मोजणारच नाही, हे नकाशावर खूण करून ठरवावं.

दरात बहुधा न येणाऱ्या गोष्टी

- कंपाउंड वॉल, गेट, अंगणातील फरशी
- बोअरवेल, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक
- बांधकाम परवाना, नकाशा आणि इंजिनिअरची फी
- वीज आणि नळजोडणीचा खर्च
- किचनची कपाटे, ग्रिल, दर्शनी भागाची सजावट
- ठरलेल्या खोलीपेक्षा जास्त खोल पाया

यातील शेवटची बाब सर्वांत फसवी आहे. खानापूर पट्ट्यात आणि गोव्यात जांभा दगड लागतो, तर बेळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात, इंदूरला किंवा बडोद्याला काळी माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया खोल घ्यावा लागतो. दर ठरवण्याआधी प्लॉटवर खड्डा काढून माती पाहावी आणि "अमुक फुटांपर्यंत पाया दरात, पुढे प्रतिफूट इतके" असं लिहून घ्यावं.

'चांगल्या कंपनीचा माल' हे शब्दही करारात चालत नाहीत. सिमेंट आणि सळ्यांची कंपनी, ग्रेड, वायरिंग, नळ, रंगाचे हात, सगळं नावानिशी हवं. फरशीला ५० रुपये चौरस फूट धरले असतील आणि दुकानात ९० रुपयांची पसंत पडली, तर १,५०० चौरस फुटांना ६० हजार रुपये जास्तीचे जातात.

जीएसटी कुणाला?

मटेरियलसह कामाला १८ टक्के जीएसटी लागतो. ३२ लाखांवर तो ५ लाख ७६ हजार होतो. त्यामुळे सांगितलेला दर करासह की कराशिवाय, हे पहिल्याच भेटीत विचारावं. स्वतःच्या एकट्या घराचं निव्वळ मजुरीचं काम असेल तर सूट आहे. ज्या कंत्राटदाराची जीएसटी नोंदणी नाही, त्याला हा कर आकारता येत नाही.

पैसे कसे द्यावेत?

पाया, जोते, प्रत्येक स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी, रंग असे टप्पे पाडावेत आणि झालेल्या कामापुरतेच पैसे द्यावेत. बँकाही गृहकर्ज टप्प्याटप्प्यानेच सोडतात, म्हणून दोन्ही टप्पे जुळवून घ्यावेत. पाच टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची अट घातली, तर गळती निघाल्यावर कंत्राटदार फोन उचलतो. सिमेंट-लोखंड महागलं तर वाढ कुणी सोसायची आणि मध्येच सांगितलेल्या वाढीव कामाचा दर काय, हेही आधीच ठरावं.

वाद झालाच तर?

स्वतःच्या प्लॉटवरील अशा कामाला रेराचं संरक्षण मिळत नाही. तो कायदा विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी आहे. मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार घरबांधणी ही 'सेवा' आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तिथे करार, पावत्या आणि बँकेतून दिलेले पैसे कामी येतात. करार कन्नडमध्ये असो, मराठीत असो वा इंग्रजीत, प्रत्येक कलम समजल्याशिवाय सही करू नये.

सोपा उपाय एकच. दर मागण्याआधी नकाशा, क्षेत्रफळ मोजण्याची पद्धत आणि मालाची यादी यांचा एकच कागद करावा आणि तिन्ही कंत्राटदारांना तोच द्यावा. मग जे आकडे येतील, तेच एकमेकांशी ताडून पाहता येतात.