घोषणा आणि तिचे रसिक

व्हिडिओ गेम हा शब्द आमच्या पिढीच्या कानांना अद्याप पुरता सरावलेला नाही. तथापि त्या खेळांच्या जगात वर्षातून एक-दोनदा जो घोषणा-सोहळा होतो, त्याविषयी या त्रैमासिकात चार शब्द लिहावेत असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. खेळ तयार करणारी कंपनी त्या दिवशी आपले येऊ घातलेले खेळ प्रथमच जगासमोर मांडते. खेळ प्रत्यक्ष हाती पडावयास वर्ष-दोन वर्षांचा, कधी त्याहूनही अधिक अवकाश असतो. समोर दिसते ती केवळ दोन-तीन मिनिटांची झलक. तरीही जगभरातील चाहते रात्री-अपरात्री जागून ती पाहतात, हर्षाने ओरडतात, क्वचित डोळेही पुसतात आणि अपेक्षाभंग झाला तर तितक्याच त्वेषाने रागावतात. आपल्याकडील वडीलधारी मंडळी हे पाहून विचारतात, "जी वस्तू अजून झालीच नाही, तिच्यासाठी एवढा आटापिटा कशाला?" प्रश्न रास्त आहे. परंतु मराठी रंगभूमीचा आणि चित्रपटाचा इतिहास चाळला असता हाच प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांनाही विचारावा लागेल, असे आमच्या ध्यानात आले.

प्रारंभ आपल्या उज्जयिनीच्या कवीपासूनच करू. ज्या कालिदासाने मेघाला वाट वाकडी करून या नगरीचे दर्शन घ्यावयास सांगितले, आणि ज्याच्या नावाने १९५८ पासून येथे कार्तिक एकादशीला कालिदास समारोहाचा प्रारंभ होतो, त्याच्या 'मालविकाग्निमित्रा'ची प्रस्तावना सुज्ञ वाचकांनी पुन्हा एकदा पाहावी. वसंतोत्सवात नवे नाटक होणार, अशी घोषणा सूत्रधार करतो आणि त्याचा सहकारीच तत्काळ शंका काढतो. भास, सौमिल्ल, कविपुत्र यांसारखे नामवंत असताना या हयात कवीचे नाटक कशासाठी, असा त्याचा रोख आहे. सूत्रधाराचे उत्तर थोडक्यात असे, की जुनेपण हे गुणाचे प्रमाण नव्हे आणि नवेपण हा दोष नव्हे. जाणत्याने पारखून घ्यावे. नव्या कलाकृतीची घोषणा, तीवर जुन्याच्या चाहत्याची नाराजी आणि घोषणाकर्त्याचे समर्थन, असा हा सारा व्यवहार दीड हजार वर्षांपूर्वी रंगमंचावर येऊन गेला आहे. कालिदासाने ती नाराजी लपविली नाही. तिला नाटकाच्या आरंभीच जागा दिली, हे विशेष.

याच कालिदासाच्या 'शाकुंतला'ने पुढे मराठी संगीत रंगभूमीचे दार उघडले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' सादर केले, तेव्हा पहिले चारच अंक तयार होते. सात अंकांचे नाटक चार अंकांवर थांबविणे हे आज धाडसाचे वाटेल. पण रसिकांनी ते अर्धे नाटक उचलून धरले आणि पुढील अंकांची ते वाट पाहू लागले. झलक दाखवावी, उत्कंठा वाढवावी आणि मग पूर्ण वस्तू द्यावी, हा क्रम आजच्या कंपन्यांनी शोधून काढलेला नाही.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांच्यापाशी कल्पना होती, कौशल्य होते. भांडवल मात्र नव्हते. चलच्चित्र म्हणजे काय हेच ज्यांना उमगले नव्हते, अशा सावकाराने पैसा लावावा कशावर? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची थोडी थोडी छबी टिपून बियाचा वेल होताना पडद्यावर दाखविला. क्षणार्धात वाढणारा तो वेल पाहून कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. सरस्वतीबाईंचे दागिनेही या उद्योगासाठी गहाण पडले, हे सर्वश्रुत आहे. पुढे 'राजा हरिश्चंद्र' सिद्ध झाल्यावर २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी पूर्वदर्शन झाले आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. सहा-सहा तास नाटक पाहण्याची सवय असलेल्या लोकांना थोडक्या वेळाच्या खेळासाठी पैसे मोजणे जड वाटे. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली ती हिशेबाची. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर अवघा तीन आणे! ग्राहकाच्या मनातील शंका ओळखून तिला आकड्यांनी दिलेले हे उत्तर आजच्या कोणत्याही घोषणा-सोहळ्यात शोभून दिसेल.

आता रसिकांच्या उन्मादाकडे वळू. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेला 'संयुक्त मानापमान' हा मराठी रंगभूमीवरील कदाचित सर्वांत मोठा 'घोषित' प्रयोग असावा. काकासाहेब खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ पासून रंगभूमीवर होतेच. कथा सर्वांना ठाऊक, पदे अनेकांना मुखोद्गत. नवल होते ते निराळेच. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, म्हणजे गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्थांचे दोन अधिपती, एकाच रंगमंचावर भामिनी आणि धैर्यधर म्हणून उभे राहणार होते. निमित्त टिळक स्वराज्य फंडाचे. सर्वांत वरच्या तिकिटाचा दर शंभर रुपये होता. ज्या काळी कारकुनाचे मासिक वेतनही त्याहून कमी असे, त्या काळातील हे शंभर रुपये, हे लक्षात घेतले म्हणजे उत्कंठेचे मोजमाप होते. दोन्ही बाजूंचे चाहते आपापला गायक सरस ठरणार या ईर्ष्येने जमले आणि दोघांचेही गाणे ऐकून तृप्त होऊन परतले. पुढे तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव एकतिसाव्या वर्षी निवर्तले. ज्यांनी ती घोषणा वाचून "पुढच्या वेळी पाहू" म्हटले असेल, त्यांच्या वाट्याला केवळ हळहळ आली. घोषणेला धावून जाणारा रसिक दर वेळी भोळाच असतो असे म्हणता येत नाही, ते यासाठी.

या पार्श्वभूमीवर व्हिडिओ गेमचे जग पाहू. त्यातील निन्टेन्डो ही जपानी कंपनी १८८९ साली क्योटो येथे स्थापन झाली, ती हाताने बनविलेले खेळाचे पत्ते विकण्यासाठी. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांच्याच कुळातला हा धंदा. गंजिफा आज कलावस्तू म्हणून जपल्या जातात. निन्टेन्डोचे पत्ते मात्र काळाबरोबर रूप पालटत पडद्यावरील खेळांपर्यंत पोहोचले. या व्यवसायाचा ई-थ्री नावाचा मोठा मेळा १९९५ पासून लॉस एंजेलिस येथे भरू लागला. पहिल्याच वर्षी सेगा कंपनीने आपल्या यंत्राची किंमत ३९९ डॉलर जाहीर केली. त्यानंतर सोनीचा प्रतिनिधी व्यासपीठावर आला, '२९९' एवढा एकच आकडा उच्चारून खाली उतरला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. फाळक्यांच्या तीन आण्यांची आठवण व्हावी असाच हा प्रसंग. २००४ च्या मेळ्यात 'झेल्डा' या लोकप्रिय मालिकेच्या नव्या खेळाची झलक दाखविली गेली, तेव्हा प्रेक्षक जागेवरून उठून ओरडू लागले आणि खेळाचे जनक शिगेरु मियामोतो ढाल-तलवार घेऊन मंचावर अवतरले. हा मेळा २०२३ साली कायमचा बंद झाला. निन्टेन्डोने तर २०११ पासूनच मध्यस्थ टाळून आपल्या घोषणा थेट चाहत्यांच्या घरच्या पडद्यावर पोहोचविण्यास आरंभ केला होता.

टाळ्यांप्रमाणेच रागही येथे रोखठोक असतो. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने आपल्या वार्षिक संमेलनात 'डायब्लो' मालिकेचा पुढील खेळ मोबाइल फोनसाठी निघेल असे जाहीर केले. संगणकावर वर्षानुवर्षे हा खेळ खेळणारे चाहते तिकीट काढून तेथे आले होते. एकाने उठून, हा अवेळी केलेला एप्रिल फूल तर नव्हे ना, असे विचारले. सभागृहातून नापसंतीचे आवाज उमटले. त्यावर मंचावरील अधिकाऱ्याने, तुमच्यापाशी फोन नाहीत काय, असा प्रतिप्रश्न केला आणि असंतोष अधिकच भडकला.

हा प्रसंग वाचताना आम्हांस १९३५ चा 'धर्मात्मा' आठवला. प्रभात कंपनीने बालगंधर्वांना संत एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आणले. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नट बालगंधर्व, विषय नाथांचा. उणे काहीच नव्हते. पण ज्यांनी नारायणरावांना भामिनी, सिंधू, रुक्मिणी म्हणून मनात जपले होते, त्यांना पुरुषवेषातील बालगंधर्व रुचले नाहीत. प्रभातशी त्यांचे नाते त्या एकाच चित्रपटापुरते राहिले. कलाकृती वाईट नव्हती. रसिकाने ज्यावर जीव लावला होता ते त्याच्यापासून काढून घेतले गेले, ही त्याची तक्रार होती. सारे वैभव पणाला लावून रसिकाची सेवा करणाऱ्या थोर नटाविषयी ती कठोर होती, यातही शंका नाही.

तर मग रसिकाच्या या तक्रारीला किंमत किती द्यावी? येथे आम्ही आमच्या शासकीय सेवेतील अनुभवाचा आधार घेतो. नवा नियम किंवा नगराचा विकास आराखडा अंतिम होण्यापूर्वी त्याचे प्रारूप प्रसिद्ध होते आणि हरकती मागविल्या जातात. हरकतींचे गठ्ठे वाचणे कंटाळवाणे असते; त्यांतील बहुतेक रागाच्या भरात लिहिलेल्या असतात. तरीही दहांतली एखादी हरकत अशी निघते, की तिच्यामुळे आराखड्यातील खरा दोष उघडा पडतो. मायक्रोसॉफ्टला २०१३ मध्ये हाच अनुभव आला. त्यांच्या नव्या खेळयंत्राला दिवसातून एकदा इंटरनेटशी जोडणी आवश्यक ठरविली होती आणि वापरलेले खेळ दुसऱ्यास देण्यावर बंधने होती. प्रतिस्पर्धी सोनीने अशी बंधने नसल्याचे सांगताच सभागृह दुमदुमले, आणि १९ जून २०१३ रोजी, यंत्र बाजारात येण्यापूर्वीच, मायक्रोसॉफ्टने आपले धोरण मागे घेतले. घोषणा आणि वितरण यांमधील अवकाश केवळ वाट पाहण्यासाठी नसतो. चूक दुरुस्त करण्याची ती शेवटची स्वस्त संधी असते.

घोषणा आणि तरतूद यांतील अंतरही आम्ही जवळून पाहिले आहे. तरतुदीवाचून केलेल्या घोषणेचे कोनशिलेत रूपांतर होते आणि कोनशिलेवर गवत वाढते. खेळांच्या जगातही हे घडते. 'सायबरपंक २०७७' हा पोलंडमधील कंपनीचा खेळ २०१२ साली जाहीर झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये इतक्या सदोष स्थितीत बाहेर पडला, की सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या दुकानातून काढून ग्राहकांना पैसे परत करण्याची व्यवस्था केली. पुढे दुरुस्त्या होऊन जून २०२१ मध्ये तो परतला, हेही नमूद करावयास हवे. चाहते रागावले, पण पाठ फिरवून गेले नाहीत. रागावलेला माणूस अजून आपला असतो. निरोप न घेता येणे थांबविणारा माणूस मात्र परत आणणे कठीण.

आता हे सारे आपल्यापाशी आणून थांबतो. आपली घराणी राणोजी शिंद्यांच्या आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांच्या काळापासून टप्प्याटप्प्याने या क्षिप्राकाठी आली. दौलतरावांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरास हलविली, तरी येथे रुजलेली कुळे येथेच राहिली. पुण्या-मुंबईपासून दूर असल्याने प्रतीक्षा हा आपल्या सांस्कृतिक जीवनाचा स्थायीभावच होता. नवे नाटक, नवा दिवाळी अंक, नवा गायक यांची वार्ता आधी येई आणि वस्तू मागाहून. ती वार्ताच घराघरांत चर्चिली जाई आणि त्या चर्चेमुळे मराठी बोलणे टिकून राही. आज आपल्या मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका निघतात. त्यांवर कोणी आनंदाने ओरडत नाही, हे एक वेळ समजू. पण कोणी रागावतही नाही. गतवर्षीचेच व्याख्यान, तीच अध्यक्षीय समाप्ती, आणि पत्रिकेवर कोणाची हरकत नाही. आमच्या मते तरुण पिढीच्या पडद्यावरील गोंगाटापेक्षा ही शांतता अधिक चिंतेची आहे.

म्हणून आमची कार्यकारिणीस एक सूचना आहे. पुढील वर्षाचे कार्यक्रम दोन महिने आधी प्रारूपाच्या रूपाने एखाद्या संध्याकाळी सर्वांसमोर मांडावेत. वक्ता कोण, नाटक कोणते, खर्च किती, हे आकड्यांसह सांगावे. दहा मिनिटांचा प्रवेश किंवा एखादे पद झलक म्हणून सादर करावे. त्यानंतर व्यासपीठावरच्यांनी गप्प बसावे आणि समोरच्यांनी, विशेषतः विशी-पंचविशीतल्या मुलांनी, बोलावे. ती मुले जे बोलतील ते सौम्य नसेल आणि त्यांचे मराठी हिंदीमिश्रित असेल. परंतु घोषणा कशी पारखावी, अपूर्ण वस्तूत काय उणे आहे हे कसे ओळखावे, याचे शिक्षण त्यांना आपल्यापेक्षा अधिक मिळालेले आहे. सूत्रधाराच्या सहकाऱ्याने प्रश्न विचारला म्हणूनच 'मालविकाग्निमित्रा'चा पडदा उत्सुकतेने वर गेला, हे कालिदासाच्या नगरीत राहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.