वाढत्या अंगाची सायकल

आमच्या घरात मापाची वस्तू घ्यायची पद्धत नव्हती. शर्ट घ्यायचा तो वाढत्या अंगाचा, चपला घ्यायच्या त्या पुढे अंगठाभर जागा ठेवून, आणि मुंजीत शिवलेला कोट दहावीच्या निरोपसमारंभाला उपयोगी पडला पाहिजे, या हिशेबाने. त्यामुळे लहानपणी मी कपडे घालत नसे, कपड्यांत राहत असे. कपडे अंगाला नीट बसू लागले की त्यांची फाटायची वेळ झालेली असे.

१९९० साली मी पाचवीत गेलो तेव्हा अण्णांनी मला सायकल घेतली, ती अर्थातच वाढत्या अंगाची. बावीस इंची, काळी. सीटवर बसलं की पाय हवेत लोंबकळत, म्हणून पहिलं दीड वर्ष मी नळीखालून पाय घालून अर्ध्या पायडलवर पुण्याच्या पेठा पालथ्या घातल्या. सातवीत कधीतरी मी सीटवर पोचलो. पुढे मी वाढलो, पण सीटचा नट गंजून बसला होता, तो वाढला नाही. कॉलेजात जाईपर्यंत माझे गुडघे हँडलला लागायला लागले.

अण्णांची सायकल चोवीस इंची. ती त्यांनी लग्नाआधी कचेरीतल्या एका सहा फुटी साहेबांकडून जुनी म्हणून स्वस्तात घेतलेली. अण्णा पाच फूट तीन इंच. सीट पार खाली बसवली तरी एक पायडल खाली गेलं की अण्णांना त्या बाजूला कलावं लागे, मग दुसऱ्या बाजूला. शनिवार पेठेतून कॅम्पापर्यंत ते असे डुलत डुलत जात. माझे मित्र त्यांना ‘लंबक’ म्हणत. आम्ही दोघं एकदम निघालो तर मी शंभर पावलं पुढे सायकल मारत असे. घाई होती असं नव्हे. लोकांना नातं कळू नये म्हणून.

सायकल माणसाच्या अंगाला माप घेऊन बसवून देतात, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याचं असं झालं, डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवून व्यायाम सांगितला. मी गिअरची सायकल घेतली आणि महिन्याभरात गुडघा धरला. चिरंजीव म्हणाले, “बाबा, बाइक फिटिंग करून घ्या.” सौ. म्हणाली, “फिटिंग? म्हणजे शिंप्याकडे चाललात की काय?” आणि मी फी ऐकली. माझ्या पहिल्या सायकलीच्या किमतीत पाच ठिकाणी शून्य चिकटवून पाहिलं, तरी तिच्या जवळपास जाईना, असं क्षणभर वाटलं. आता पैसे द्यायचे म्हटल्यावर आधी कागदपत्रं तपासायची, ही बँकेतली सवय. म्हणून या प्रकाराची जुनी खाती काढून बसलो.

पहिली नोंद १२ जून १८१७ची आहे. त्या दिवशी जर्मनीतल्या मानहाइम गावातून कार्ल फॉन ड्राइस हे जंगलखात्यातले अधिकारी स्वतः तयार केलेल्या लाकडी दुचाकीवर बसून बाहेर पडले. सरकारी नोकराला एवढी सवड मिळते हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. या गाडीला पायडल नव्हतं. जमिनीला पायाने रेटा द्यायचा आणि पुढे जायचं. त्यामुळे मापही एकच : बसल्यावर पाय जमिनीला लागले पाहिजेत. आमच्याकडे ‘पाय जमिनीवर असू देत’ असा उपदेश वडीलमाणसं करतात, ड्राइससाहेबांच्या गाडीत ती सोयच होती.

१८६०नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकालाच पायडल बसवलं गेलं, आणि खरं माप सुरू झालं. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाक जेवढं मोठं, तेवढं एका फेऱ्यात अंतर जास्त. हे गणित लक्षात आल्यावर माणूस थांबतो थोडाच? १८७०नंतर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लींसारख्या कारागिरांनी पुढचं चाक छातीएवढं उंच नेऊन ठेवलं. मागचं चाक राहिलं नावापुरतं.

आता पुढचं चाक वाढवायचं ते कुठपर्यंत? तर मालकाचा पाय संपेल तिथपर्यंत. गिऱ्हाइकाच्या पायाचं आतल्या बाजूने माप घ्यायचं आणि त्याप्रमाणे अठ्ठेचाळीस, पन्नास, बावन्न, चोपन्न इंची चाक द्यायचं, असा व्यवहार होता. चोपन्न इंची चाक एका फेऱ्यात सव्वाचार मीटरच्या थोडं पुढे नेतं, अठ्ठेचाळीस इंची पावणेचारच्या थोडं पुढे. म्हणजे आखूड पायाच्या माणसाला प्रत्येक फेऱ्याला अर्ध्या मीटरचा तोटा, आणि तोही जन्मतः लागलेला. टॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ अशाच उंच सायकलीवर एप्रिल १८८४ मध्ये सान फ्रान्सिस्कोहून निघाला आणि डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला पोचला. वाटेत लाहोर ते कलकत्ता तो आपल्या ग्रँड ट्रंक रोडनेही गेला. त्याचं चाक पन्नास इंची होतं. बाकी वर्णन नसलं तरी पँट कितपत लांब लागेल हे शिंप्याने चाकावरूनच सांगितलं असतं.

त्या काळी कुणा बापाने मुलाला वाढत्या अंगाचं चाक घेतलं असतं तर मूल वाढायला शिल्लक राहिलं नसतं. पाय पायडलला न पोचला की गाडी गेली. आणि पोचत असला तरी पुढे दगड आला की स्वार हँडलवरून थेट डोक्यावर. मापाबाबत एवढी शिस्त पुढे सायकलीच्या इतिहासात पुन्हा दिसत नाही.

ती शिस्त मोडली १८८५ साली, आणि मोडली ती जेम्स स्टार्लींच्या पुतण्यानेच. जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ नावाची सायकल आणली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, पायडल मध्ये, आणि मागच्या चाकाला चेन. आता पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती वेळा फिरायचं ते दातेरी चक्रं ठरवणार. चाकाचा आणि पायाच्या लांबीचा संबंध संपला. अर्ध्या मीटरचा जन्मजात तोटा बुडीत खात्यात गेला. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचं टायर आणलं आणि हाडंही वाचली. बसायची सोय त्याआधीच जॉन ब्रूक्स यांनी पाहून ठेवली होती. त्यांचा घोडा मेला, म्हणून ते उसन्या सायकलीवर कामाला जाऊ लागले आणि बसायची जागा दुखून एवढे हैराण झाले, की १८८२ साली त्यांनी चामड्याच्या सीटचं पेटंटच घेतलं, अशी त्या कंपनीची कथा आहे. ही सीट पहिल्या दिवशी दगडासारखी असते, आणि मग मालकाचा आकार घेत जाते. थोडक्यात, कोणी कोणाच्या मापाचं व्हायचं यात तिथे निदान सीटने पड खाल्ली.

पण गोम अशी, की जी वस्तू कोणालाही चालते, तिचं माप घ्यायचे कष्ट कोणी घेत नाही. उंच चाकाच्या काळात दुकानदाराला पाय मोजल्याशिवाय विक्री करता येत नव्हती. आता सीट वरखाली होते म्हटल्यावर टेपच्या घडीला हात कोण लावतो? इंग्लंडहून आपल्याकडे काळ्या सायकली आल्या. स्वातंत्र्यानंतर आपल्या झाल्या, १९५१ पासून सोनिपतची ॲटलस, १९५६ पासून लुधियान्याची हिरो. आमच्याकडच्या दुकानात सांगायचं ते एवढंच, ‘बावीस की चोवीस?’ तेही माप फ्रेमचं, माणसाचं नव्हे.

माप विसरले नाहीत ते शर्यतवाले. बेल्जियमचा एडी मर्क्स याने टूर द फ्रान्स पाच वेळा जिंकली. १९६९ साली फ्रान्समध्ये एका ट्रॅकवर त्याला मोठा अपघात झाला. त्याच्या पुढे मोटरसायकल चालवणारा सोबती जागीच गेला, आणि मर्क्सचं कंबरेचं हाड जागचं हललं. तेव्हापासून तो सीटच्या उंचीला कायम हात घालत राहिला, चालू शर्यतीतसुद्धा. १९७२ साली मेक्सिकोत त्याने तासाभरात ४९ किलोमीटर ४३१ मीटर सायकल मारून विक्रम केला. एवढ्या मोठ्या माणसालाही सीट मनासारखी बसत नव्हती, हे वाचून माझा गुडघा थोडा बरा वाटला.

मग शास्त्रज्ञ आले. १९६७ साली इंग्लंडमध्ये हॅमली आणि टॉमस यांनी प्रयोग करून सांगितलं, की पाय आतून जेवढा लांब, त्याच्या १०९ टक्के अंतर खालच्या पायडलपासून सीटपर्यंत असावं. पुढे फ्रान्सचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांचं सूत्र त्यांचा अमेरिकन शिष्य ग्रेग लेमाँड याने पुस्तकातून जगभर नेलं : पायाची लांबी गुणिले ०.८८३, आणि ते अंतर पायडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटपर्यंत मोजायचं. मी कॉमर्सचा पदवीधर. दोन सूत्रं दिसली की ताळा केल्याशिवाय मला जेवण जात नाही. माझा पाय ८० सेंटीमीटर. पहिल्या सूत्राने ८७.२. दुसऱ्याने ७०.६, त्यात पायडलच्या दांड्याचे १७ मिळवले की ८७.६. फरक चार मिलीमीटर! दोन देश, दोन रीती, आणि फरक एवढाच. आमच्या शाखेत एकेकाळी चार पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसावं लागे, त्या मानाने हे फारच प्रामाणिक खातं.

सगळीच सूत्रं मात्र अशी टिकली नाहीत. पायडल आडवं धरून गुडघ्यापासून गवंड्यासारखा ओळंबा सोडायचा आणि तो पायडलच्या मध्यावर पडला पाहिजे, असा एक नियम कित्येक वर्षं वेदवाक्य होता. कीथ बॉन्ट्रेगर या अमेरिकन सायकलवाल्याने विचारलं, की पाठीवर रेलून चालवायच्या सायकलीत हा ओळंबा पडणार कुठे? तरी तीही चालतेच की! नियम कामचलाऊ आहे, निसर्गाचा कायदा नव्हे.

एवढी तपासणी झाल्यावर मी गेलो. तिथल्या मुलाने माझ्या घोट्याला, गुडघ्याला, कंबरेला ठिपके चिकटवले, कॅमेरा लावला आणि जागच्या जागी सायकल मारायला सांगितली. पाय पार खाली गेल्यावर गुडघ्यात साधारण पंचवीस ते पस्तीस अंशांचा बाक उरावा असं मानतात. माझा साठाच्या घरात होता.

“काका, तुमची सीट फार खाली आहे. पाय कधी सुटतच नाही. ही सवय कशी लागली?”

“नट गंजला होता,” मी म्हणालो.

त्याला काही कळलं नाही. सीट चार सेंटीमीटर वर गेली. सहज म्हणून मी विचारलं, “आणि सीट फार उंच असली तर?”

“मग पाय पोचवायला कंबर खाली सोडावी लागते. माणूस दोन्ही बाजूंना डुलतो. वर्षानुवर्षं तसं केलं तर कंबर आणि गुडघे बोलायला लागतात.”

मी पैसे दिले. पावती घ्यायची राहिली. माझ्या आयुष्यात असं प्रथमच झालं.

अण्णा आता अठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रात्री गुडघ्यांना तेल लावून बसतात. घरी आल्यावर मी त्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन पायांत एक जाड पुट्ठ्याचं पुस्तक धरलं आणि टेप लावला. “हे काय चाललंय?” ते म्हणाले. “के.वाय.सी.,” मी म्हणालो. भरले ७२ सेंटीमीटर. गुणिले ०.८८३, म्हणजे साडेत्रेसष्ट. चोवीस इंची फ्रेम ६१ सेंटीमीटर, वर सीट आणि तिच्या स्प्रिंगा मिळून नऊ तरी, एकूण सत्तर. साडेसहा सेंटीमीटर जास्त. तीसएक वर्षं रोज, जाऊन येऊन.

मग सवयीने मी ताळा केला आणि पेन खाली ठेवलं. बावीस इंची फ्रेम ५६, अधिक नऊ, पासष्ट. अण्णांच्या मापापेक्षा दीड सेंटीमीटर जास्त, म्हणजे चपलेच्या तळाएवढं. आणि माझं माप? ७०.६. चोवीस इंची सत्तर. म्हणजे कॉलेजात असताना माझ्या मापाची सायकल अण्णा चालवत होते आणि त्यांच्या मापाची मी. दोन्ही एकाच बोळात, एकाच भिंतीला, एकमेकींना टेकून उभ्या असत. अदलाबदल करायला खर्च शून्य होता. फक्त टेप काढायला हवा होता. मी तर शंभर पावलं पुढे गेलेला.

अण्णांना हिशेब दाखवला. त्यांनी चष्मा लावून बेरीज तपासली. म्हणाले, “बरोबर आहे. पण ती मला कचेरीत वेळेवर पोचवत होती. एकदाही लेट मार्क नाही.”

चोवीस इंची केव्हाच भंगारात गेली. बावीस इंची अजून जिन्याखाली होती. रविवारी मी रॉकेलऐवजी हल्ली मिळणारं फवाऱ्याचं तेल मारून तो नट दोन तास भिजत ठेवला आणि पान्याला लोंबकळून सोडवला. सीट पार खाली केली, टायरं बदलून आणली. अण्णांना बसवलं आणि मागे कॅरियर धरून सोसायटीच्या आवारात चालत राहिलो. १९९० साली त्यांनी माझं धरलं होतं तसं. वीसएक पावलं ते गेले असतील. सौ. गॅलरीतून “अहो, धरा नीट” म्हणून ओरडत होती. माझं लक्ष अण्णांच्या कंबरेकडे. ती जागची हलत नव्हती.

ते उतरले. सीटवर हात ठेवून बराच वेळ सायकलीकडे पाहत राहिले.

“बरी आहे,” म्हणाले. “पण नेमकीच होते रे. थोडी वाढती घेतली असती, तर राहिली असती.”