सेंट्रल पॅसिफिक रेल्वेवरील चिनी कामगारांचा संप (१८६७) : एक ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कामगार चळवळीचा विचार करताना १८७७ चा देशव्यापी रेल्वे संप व १८९४ चा पुलमन संप यांचा उल्लेख प्रामुख्याने केला जातो. परंतु १८७७ च्या दहा वर्षे आधी सिएरा नेवाडा पर्वतात सुमारे ३,००० चिनी कामगारांनी केलेला संप दीर्घकाळ उपेक्षित राहिला. या संपाचे स्वरूप व महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
१८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्यान्वये सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे लोहमार्ग बांधण्याचे काम सेंट्रल पॅसिफिक कंपनीकडे आले. गोरे मजूर पुरेसे मिळेनात, तेव्हा कंपनीने मोठ्या संख्येने चिनी मजूर कामावर घेतले. ग्रॅनाइटचे कठीण खडक, हिमवादळे, हिमकडे कोसळणे आणि नायट्रोग्लिसरीनचे स्फोट यांमुळे बोगद्यांतील काम जीवघेणे होते.

संपाची कारणे व मागण्या :
१८६७ च्या वसंत ऋतूत चिनी कामगारांचे मासिक वेतन ३५ डॉलरपर्यंत वाढविण्यात आले. वरवर पाहता ही गोऱ्या मजुरांशी बरोबरी वाटते. तथापि गोऱ्यांना वेतनाशिवाय भोजन व निवास मिळत असे, तर चिनी कामगारांना अन्नखर्च स्वतःच करावा लागे. म्हणजेच समान आकड्याआड विषमता दडलेली होती. जूनच्या अखेरच्या आठवड्यात कामगारांनी एकाच वेळी काम थांबविले. दरमहा ४० डॉलर वेतन, उघड्यावर १० तास व बोगद्यात ८ तास काम, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या.

संपाचे दमन :
बांधकामप्रमुख चार्ल्स क्रॉकर याने वाटाघाटी न करता डोंगरातील छावण्यांचा अन्नपुरवठाच तोडला. दक्षिणेतील मुक्त कृष्णवर्णीयांना आणून त्यांची जागा भरण्याचा विचारही कंपनीच्या वर्तुळात झाला. बाजारपेठेपासून दूर, उंच पर्वतात अडकलेल्या कामगारांपुढे पर्याय उरला नाही. सुमारे आठवडाभरात संप संपुष्टात आला. त्यांच्या मागण्या मान्य झाल्या नाहीत.

मूल्यमापन :
या कामगारांनी लिहिलेले एकही पत्र वा रोजनिशी उपलब्ध नाही. त्यामुळे संपाची माहिती मुख्यतः कंपनीच्या संचालकांचा पत्रव्यवहार व तत्कालीन वृत्तपत्रे यांतूनच घ्यावी लागते. मात्र मालकवर्गाच्या या साधनांतूनही संपातील शिस्त, एकजूट व अहिंसकता प्रत्ययास येते. चिनी मजूर निमूटपणे राबणारा व अल्पसंतुष्ट असतो, हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

निष्कर्ष :
१० मे १८६९ रोजी प्रॉमंटरी येथे दोन्ही लोहमार्ग जोडले गेले. त्यानंतर तेरा वर्षांनी, १८८२ च्या कायद्याने, चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी झाली. २०१४ मध्ये अमेरिकेच्या श्रम विभागाने या कामगारांचा आपल्या सन्मानदालनात समावेश केला. तात्कालिक निकषांवर हा संप अयशस्वी ठरला. पण संपाचे यश केवळ मान्य झालेल्या मागण्यांवरून मोजले, तर ज्यांना नागरिकत्वाचा हक्कही नव्हता अशा श्रमिकांनी समान श्रमाला समान मोल मागितले, हे ऐतिहासिक सत्य नजरेआड होते.