ज्याला मार्क नाहीत तो विषयच नाही : मिशन हायस्कूलच्या दाखल्याची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. आपल्या नगरचा विषय आहे, म्हणून लिहितोय.

दिवाळीत घर आवरताना आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. आत दोन कागद एकात एक घडी घालून ठेवलेले. पहिला कागद ते ज्या मिशन हायस्कूलात शिकले तिथला. बायबलच्या वर्गात पहिला नंबर, सुतारकाम उत्तम, वर्तणूक चांगली. दुसरा त्याच वर्षीचा, मॅट्रिकचा निकाल. नापास. इंग्रजी आणि गणित, दोन्ही गेले.

आजोबा पारनेर तालुक्यातल्या खेड्यातून येऊन बोर्डिंगात राहिलेले. आमचं घर ख्रिस्ती नाही, पण येशूच्या गोष्टी त्यांना म्हातारपणीही तोंडपाठ होत्या. घरातलं लाकडी कपाट त्यांनीच केलेलं, ऐंशी वर्षं होत आली, अजून दार कुरकुरत नाही. तरी कुणी शिक्षण विचारलं की ते मान खाली घालून सांगायचे, "नॉनमॅट्रिक."

शाळेने ज्याला शाबासकी दिली तोच पोरगा परीक्षेने नापास ठरवला. हे कसं झालं, या प्रश्नाच्या मागे लागलो आणि दोनशे वर्षं मागे गेलो.

अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ साली. नगरला त्यांचं ठाणं १८३१ चं. त्यांच्या शाळांत वाचन, लेखन, हिशेब, भूगोल आणि जोडीला बायबल असे. त्या काळात पास-नापास ठरवणारी बाहेरची यंत्रणाच नव्हती. काय शिकवायचं ते शाळा ठरवायची आणि पोरगा शिकला की नाही तेही शाळाच सांगायची. हे मिशनरी ज्या न्यू इंग्लंडातून आले तिथली रीतही तीच.

शाळा काढण्यामागे त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. ते त्यांनी कधी लपवलं नाही, आपणही लपवू नये. लोकांनाही ते कळत होतं. मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आईबापांनी धडाधड पोरं काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, तो कोर्टाच्या हुकमाने घरी परत आला. मग त्याला जातीत घ्यायचं की नाही यावर केवढा गदारोळ! बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

पण याच शाळांनी दुसरंही काहीतरी केलं. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, १८४१ ते १८४७. नगरच्या सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा पाहून त्यांच्या मनाने घेतलं आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला तो 'ज्ञानोदय'ने, १८५५ मध्ये. हे मिशनचं पत्र १८४२ साली आपल्या नगरलाच निघालेलं.

एक गोष्ट बघा. जोतीराव मॅट्रिक नव्हते. होणार कसे? तेव्हा मॅट्रिक नव्हतीच!

आता गोष्टीला वळण लागतं ते १८५४ साली. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींची तोंडं उलट दिशेला होती.

पहिली, वुडचा खलिता. खासगी शाळांना सरकार अनुदान देईल, धर्म कुठलाही असो. सरकारी इन्स्पेक्टर येऊन बाकीच्या विषयांची तपासणी करेल, धर्मशिक्षणाकडे तो बघणारही नाही. वरवर पाहिलं तर मिशनऱ्यांना याहून चांगलं काय हवं होतं?

दुसरी, अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांचा दौरा. १८५४-५५ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि त्यांनी मराठी मिशनच्या लोकांबरोबर बैठका घेतल्या. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजी शाळांवर पैसा कशाला घालवता? पोरं इंग्रजी शिकतात आणि नोकरीला लागतात. शिकवायचं तर लोकांच्या भाषेत शिकवा. गावात राहून काम करणारे शिक्षक आणि उपदेशक तयार करा. बोर्डाच्या इंग्रजी शाळांना मग कात्री लागली. श्रीलंकेतली बट्टिकोटा सेमिनरी ही त्यांची नावाजलेली संस्था, तीही १८५५ मध्ये बंद झाली.

म्हणजे अमेरिकन संस्थेचा सचिव म्हणतोय मराठीत शिकवा, आणि आपले लोक म्हणतायत इंग्रजी पाहिजे. दोघांचीही कारणं खरी होती. अँडरसनना चर्च उभं करायचं होतं, आणि आपल्या पोरांना कारकुनीची का होईना, खुर्ची हवी होती.

निकाल लावला तिसऱ्यानेच. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. शंभरावर मुलं बसली, त्यातली वीस-बावीस पास. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. इंग्रजी, दुसरी भाषा, गणित, इतिहास-भूगोल, थोडं विज्ञान, असा तो साचा. कॉलेजात जायचं तर हेच दार. पुढे नोकऱ्यांच्या जाहिरातींतही तेच दार लागलं.

त्या दिवसापासून हायस्कूल कुणाचंही असो, मिशनचं, सरकारचं, की पुढे टिळक-आगरकरांनी काढलेलं, आतला अभ्यासक्रम एकच झाला. अमेरिकन मिशनलाही पुढच्या पिढीत इंग्रजी हायस्कुलं चालवावीच लागली. अँडरसनसाहेबांचा आग्रह मॅट्रिकपुढे टिकला नाही.

त्यात मुंबई इलाख्यातल्या अनुदानाची पद्धत बघा. किती मुलं कुठल्या विषयात पास झाली त्यावर शाळेला पैसा. 'निकालावर अनुदान'! गणितात पोरगा पास झाला की शाळेला काहीतरी मिळायचं. बायबलमध्ये पहिला आला तर शून्य. सुतारकामात पहिला आला तरी मॅट्रिकला त्याचा उपयोग नाही.

म्हणजे ज्या शाळा बायबल शिकवण्यासाठी काढल्या, त्याच शाळांत बायबल हा बिनमार्कांचा तास झाला. आजोबा सांगायचे, बायबलच्या तासाला मागच्या बाकावरची पोरं मांडीवर बीजगणिताची वही ठेवून उदाहरणं सोडवायची. मास्तरांना दिसायचं, पण तेही काही बोलायचे नाहीत. शाळेचा निकाल त्यांनाही हवाच होता ना! कुणी बंदी घातली नाही, आंदोलन केलं नाही. नुसते मार्क दिले नाहीत. तेवढ्याने काम झालं.

हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट कुणी सांगितलं असेल तर जोतीरावांनी. १८८२ च्या हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटलंय, की हायस्कुलांतला अभ्यासक्रम रोजच्या जगण्याच्या कामाचा नाही, त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे निघतात, आणि शिक्षक-विद्यार्थी दोघांचंही सगळं लक्ष मॅट्रिकनेच खाऊन टाकलंय. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. 'मॅट्रिक'च्या जागी 'दहावी' घाला आणि वाचा. एक अक्षर बदलावं लागत नाही.

पण थांबा. मॅट्रिकला नुसत्या शिव्या घालून चालणार नाही. नाण्याची दुसरी बाजू आहे.

शाळेने दिलेला कागद म्हणजे शेवटी हेडमास्तरांची मर्जी. बाहेरच्या परीक्षकाला उत्तरपत्रिकेवर नंबर दिसतो, जात दिसत नाही. मिशनच्या शाळेत बाकावर शेजारी बसायला मिळालं, ही मोठी गोष्ट होती. पण त्या बाकावरून उठून कचेरीत जायचं तर कुणालाही नाकारता येणार नाही असा कागद लागायचा. तो विद्यापीठाचा. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला जन्मलेल्या, ख्रिस्ती घरातल्या. मॅट्रिक झाल्या, डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. विलायतेची शिष्यवृत्ती मात्र बाई म्हणून नाकारली गेली. नाकारणाऱ्यांना 'तू नापास आहेस' एवढं तरी म्हणता आलं नाही!

अर्थात मॅट्रिकचं दारही सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. बाबासाहेब आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, एल्फिन्स्टन हायस्कूलमधून, म्हणजे सरकारी शाळेतून. दुसरी भाषा म्हणून त्यांना संस्कृत घ्यायची होती. घेऊ दिली नाही, फारसी घ्यावी लागली. यादीत विषय असणं वेगळं आणि तो घ्यायला मिळणं वेगळं.

मराठीची काय गत होती? विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून ती बाहेर गेलेली. तिला परत आत आणायला रानडे आयुष्याच्या शेवटापर्यंत झगडले. पहिल्याच मॅट्रिकला पास झालेल्या माणसाला आपलीच भाषा परीक्षेत बसवायला म्हातारपण यावं लागलं.

आता अमेरिकेकडे जरा बघू, कारण ही शाळा जिथून आली तिथे उलटंच घडलं. तिकडे आजही बारावीचा डिप्लोमा शाळा देते. १९०६ पासून 'कार्नेगी युनिट' नावाचं माप आलं. एका विषयाचे वर्षभरात साधारण १२० तास भरले की एक क्रेडिट. इंग्रजीची इतकी, गणिताची इतकी, अशी क्रेडिटं जमली की डिप्लोमा. तिथल्या अनेक ख्रिस्ती हायस्कुलांत बायबललाही क्रेडिट असतं. जितकी वर्षं शाळेत, तितकी वर्षं तो विषय सक्तीचा. म्हणजे ज्या धर्माच्या नावाने शाळा, तो विषय तिकडे दाखल्यात मोजला जातो. हेच बरोबर असं मी म्हणत नाही. तिथे शाळेशाळेच्या डिप्लोम्याची किंमत वेगळी पडते, तीही भानगडच. पण मोजायचं काय ते कुणीतरी ठरवतं आणि त्यावर शाळेचा वर्ग फिरतो, एवढं कळायला ही तुलना पुरे.

आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने विद्यापीठाची मॅट्रिक गेली, १९४९ पासून एसएससी आली. १९५० मध्ये राज्यघटना आली. कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिलंय, सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत मुलाच्या पालकांच्या संमतीशिवाय त्याला धार्मिक शिक्षणाला बसवता येणार नाही. मिशन शाळांतला शंभर वर्षांचा वाद एका वाक्यात मिटला. चांगलंच झालं. १९७५ मध्ये अकरावीची एसएससी जाऊन दहावीची आली. पण मोजण्याची खोड तीच राहिली.

शेजारची पोरगी दहावीला आहे. परवा तिच्या दप्तरात 'जलसुरक्षा'चं पुस्तक दिसलं. विषय श्रेणीचा, सहाशे मार्कांत नाही. मी चाळलं, चांगलं पुस्तक आहे. पाऊस मोजणं, पाण्याचा ताळेबंद, जमिनीत पाणी मुरवणं. आपला जिल्हा! एकीकडे हिवरेबाजार आणि राळेगणसिद्धी बघायला जगभरातून माणसं येतात, दुसरीकडे उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजतो आपण. म्हटलं, "काय शिकवलं यातलं?" ती म्हणाली, "काका, त्या तासाला आम्ही गणिताचे पेपर सोडवतो."

मला एकदम आजोबांचा मागचा बाक दिसला.

आजोबांचं पुढे काय झालं ते राहिलंच. मॅट्रिक गेली, पण त्याआधी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल ते पास होते. त्या मराठी परीक्षेच्या जोरावर प्राथमिक शिक्षक झाले आणि खेड्यापाड्यांत आयुष्य काढलं. शाळेची मोडकी बाकं स्वतः रंधा मारून दुरुस्त करायचे. म्हणजे मार्कांच्या मराठीने त्यांना भाकरी दिली, बिनमार्कांच्या सुतारकामाने शाळा उभी ठेवली. आणि लाज मात्र आयुष्यभर मॅट्रिकची वाटत राहिली.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून केवढं रान उठलं. सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. कुठला विषय असावा यावर आपण रस्त्यावर येतो, हे चांगलंच आहे. पण असलेल्या विषयाचं वर्गात काय होतं, हे विचारायला किती जण जातो?

माझं म्हणणं एवढंच. पुढच्या पालकसभेत उठून एक प्रश्न विचारा : "वेळापत्रकात जलसुरक्षेचा तास आहे, तो खरोखर होतो का?" शाळेवर खेकसू नका, शिक्षकही निकालाच्या चरकात आहेत. वही दाखवा म्हणा, पावसाची नोंद कुठाय विचारा. शंभर पालकांनी विचारलं तर तास होईल.

आणि कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांचे मिशन शाळेचे जुने दाखले, बक्षिसाची पुस्तकं असतील तर कमेंटमध्ये सांगा. नावगाव झाकून फोटो टाकलात तरी चालेल. त्यावर कुठकुठले विषय लिहिलेत ते बघायचंय मला. निकालात न मोजलेलं बरंच काही त्या कागदांवर असणार.